काचेचे मोल

हिरा महाग का, असे विचारले तर तो दुर्मीळ आहे, हे उत्तर सहज सुचते. पण काच? मुळात वाळूच ती. तिने हिऱ्याच्या पंक्तीला कशाच्या बळावर बसावे? फ्रान्समधील लालिक या पेढीचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला पुनःपुन्हा पडला.

रने लालिक यांचा जन्म १८६० सालचा. वडील लवकर वारले आणि कोवळ्या वयातच मुलगा पॅरिसमधील एका जवाहिऱ्याकडे उमेदवारी करू लागला. पुढे स्वतःचे दागिने घडवताना त्यांनी रत्नांची किंमत गौण मानली. शिंग, मीनाकारी आणि काच यांतून त्यांनी चतुर, फुले, स्त्रीची मुद्रा साकारली. हे धाडस अंगावर मिरवणारे कोणी तरी हवे होते. सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीने ते केले. विकत घेणाराही हवा होता. तेलाचे व्यापारी कालूस्त गुल्बेंकियान यांनी शंभरावर कलाकृती घेतल्या. हा व्यवहार म्हणावा की स्नेह? पैसा मध्ये होता, हे खरे. पण सुमारे अर्धशतक टिकलेल्या नात्याला नुसता व्यवहार म्हणवत नाही.

पुढचे वळण शेजाऱ्याने दिले. प्लास वाँदोम या चौकात लालिक यांच्या दुकानाला लागूनच फ्रांस्वा कोती अत्तरे विकत. त्यांच्यासाठी लालिक कुप्या घडवू लागले. साच्यातली काच एकाच वेळी अनेकांसाठी घडते. धनिकांच्या गळ्यातली कला अशी कितीतरी सामान्य घरांतील आरशापुढे आली. १९०९ साली पत्नी आलीस निवर्तली. तिचाच चेहरा त्यांच्या कित्येक कलाकृतींत होता. पुढे दागिने मागे पडले आणि काच हेच त्यांचे जीवन झाले.

दुसरा शेजार दक्षिण फ्रान्समधला. तेथील शेजारीण लेडी ट्रेंट यांना दिवंगत पतीच्या स्मरणार्थ जर्सी बेटावरील सेंट मॅथ्यू या अँग्लिकन चर्चचा जीर्णोद्धार करावयाचा होता. १९३४ साली तो पूर्ण झाला. वेदीमागचा क्रूस, देवदूत, बाप्तिस्म्याचे पात्रसुद्धा काचेचे! एका विधवेच्या दुःखातून प्रकाश आरपार जाऊ लागला.

मात्र येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आल्सेस प्रांतातील विंगेन गावी लालिक यांनी १९२१च्या सुमारास कारखाना उभारला, कारण त्या भागात काचकामाची जुनी परंपरा आणि कसबी हात होते. भट्टीपुढे घाम गाळणारे, चकचकी आणणारे, एका लहानशा डागासाठी तयार वस्तू बाद करणारे अनेक. वस्तूवर कोरलेले नाव मात्र एकाचे. हा अन्याय नव्हे काय?

१९४५ साली रने वारले. युद्धात बंद पडलेला कारखाना पुत्र मार्क यांनी पुन्हा उभा केला आणि साध्या काचेऐवजी स्फटिककाच आणली. नात मारी-क्लोद यांनी १९७७पासून धुरा वाहिली; १९९४ साली पेढी घराण्याबाहेर गेली. तरीही विंगेनची भट्टी विझली नाही. रक्ताचे वारस दूर झाले. गुरूने शिष्याच्या हाती दिलेले कसब उरले. तेव्हा खरा वारसा कोणाचा, हे वेगळे सांगावयास नको.

सोनार आईच्या बांगडीची किंमत तोळ्यावर करतो. आपण मात्र तिच्यात आईचा हात पाहतो. मोलाची वस्तू हाती घेताना तीत गुंतलेल्या अनाम हातांचे ऋण आठवले, तरच तिचे सौंदर्य आपल्याला शोभते. नाही तर उरते ती वाळूच.