कणगीतले बियाणे आणि बॅटरीतली वीज

उसनी घेतलेली वस्तू मापाला माप परत केली की ऋण फिटते, अशी आपली समजूत आहे. वाटीभर साखर किंवा पायलीभर ज्वारी यांच्याबाबत ती खरीही आहे. परंतु काही वस्तू पुन्हा काठोकाठ भरून दिल्या तरी पूर्वीसारख्या राहत नाहीत. अशा वस्तू दहाजणांच्या आनंदासाठी किती खर्चाव्यात, हा प्रश्न आम्हांला एका साध्या साधनामुळे पडला. ते साधन म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. ते जुलै १९८८ मध्ये संपते न संपते तोच २ ऑक्टोबरपासून 'महाभारत' आले आणि जून १९९० पर्यंत चालले. इचोड्याच्या आसपासच्या खेड्यांत त्या काळी वीज असली तरी तिचा भरवसा नव्हता. ज्या घरी ट्रॅक्टर असे, त्या घरची बॅटरी उतरून ओट्यावर येई. तिला बारा व्होल्टवर चालणारा लहानसा कृष्णधवल संच जोडला जाई आणि मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी माणसे एकाच अंगणात दाटीवाटीने बसत. श्रीरामांचा वनवास हिंदीत चालला आहे, याची अडचण कोणासही वाटत नसे.

आता थोडा हिशेब पाहू. ट्रॅक्टरच्या बॅटरीत साधारणपणे ऐंशी ते नव्वद अँपिअर-तास एवढा साठा असतो. तीस वॉटचा संच ताशी अडीच अँपिअर-तास घेतो. रविवार सकाळच्या एका तासाने तिचे काहीच बिघडत नाही. मात्र अंगण एकदा भरू लागले की ते रविवारपुरते राहत नाही. बुधवारचा 'चित्रहार', रविवार संध्याकाळचा चित्रपट, मग रोजच्या बातम्या. दिवसाला तीन तास धरले तरी आठवडाभरात पन्नासांहून अधिक अँपिअर-तास, म्हणजे निम्म्याहून जास्त साठा, निघून जातो. ट्रॅक्टर शेतात चालत असला तर इंजिन ती तूट भरून काढते. उन्हाळ्यात तो उभा असतो. अर्धीअधिक रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर कठीण पुटे धरतात. नंतर ती कितीही भरा, तिची मूळची ताकद पूर्णपणे परत येत नाही.

हे नुकसान त्या रात्री कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. फार झाले तर पडद्यावरचे चित्र चहूकडून आक्रसू लागते, तेव्हा कोणीतरी म्हणते, 'आज लवकर आटपले.' खरा परिणाम दिसतो तो मृगाच्या तोंडावर, वाफसा साधायच्या सकाळी ट्रॅक्टर घरघरून गप्प बसतो तेव्हा. मग तो ढकलण्यास चार माणसे लागतात आणि ती बहुधा त्याच अंगणातली असतात.

यात दोष कोणाचा? प्रेक्षकांपैकी प्रत्येकाने एकेक तासच घेतला होता. मालकाची संमती होती. किंबहुना चारचौघे आपल्या ओट्याशी येतात याचा त्यास अभिमानही असावा. परंतु संमती दिली होती ती संध्याकाळपुरती, आणि किंमत द्यावी लागली ती पेरणीच्या दिवशी. संमती देणाऱ्यासही जिची कल्पना नव्हती, ती किंमत त्या संमतीत धरावयाची काय? आमच्या मते धरू नये. पण मग ती कोणी द्यावयाची, हे त्या अंगणात कधी ठरलेच नाही. औदार्याच्या पोटात असा न बोललेला हिशेब राहिला की पुढे त्याची कुरकुर होते.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. तिकडे घरासारख्या सजविलेल्या मोटारींतून रानावनात राहण्याची प्रथा आहे. त्यांतही दूरदर्शन संच असतो आणि तोही बॅटरीवर चालतो. मात्र अशा मोटारीत सहसा दोन निरनिराळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यापुरती. दुसरी दिवे, पंखा, करमणूक यांच्यासाठी. मोटार चालू असताना दोन्ही भरतात. इंजिन बंद झाले की मधला एक स्विच त्यांना विलग करतो. रात्रभर संच चालला तरी सकाळचा प्रवास अडत नाही.

यावर कोणी म्हणेल, उरलेल्यातून दिले त्यास दान कसले? हा आक्षेप आम्हांस पटत नाही. आपल्या पूर्वजांनी बियाण्याची कणगी वेगळी ठेवली. दारी याचक आला तर त्यास घासातला घास दिला, पण बियाणे सहसा काढले नाही, आणि त्यांना कोणी कृपण म्हटले नाही. (२००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून कापसाचे बियाणे दरसाल पाकिटातून येते, कणगीचा तो धाक आता आपल्या घरांत उरलेला नाही.) दुसरी बॅटरी ही कणगीचीच जात आहे. ती असली की यजमान मोकळ्या मनाने देतो आणि पाहुणा मोकळ्या मनाने घेतो.

अडचण पुढे आहे. शेजारी रात्री कोणाचा श्वास अडकला, वीज गेलेली आहे आणि औषधाची वाफ देणारे यंत्र चालवावयाचे आहे. त्या वेळी दुसरी बॅटरी रिकामी असेल तर पहिलीस हात लावावा की नाही? लावावा, असेच आम्ही म्हणू. मग पेरणी एक दिवस लांबली तरी चालेल. बियाण्याचा नियम सुखासाठी आहे, प्राणासाठी नाही. परंतु सुख कोठे संपते आणि गरज कोठे सुरू होते, हे प्रत्येक वेळी इतके स्पष्ट नसते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेस संध्याकाळचे कीर्तन दिसणे, यास काय म्हणावे? मालकाने ते एकट्याने ठरवू नये, एवढे आम्हांस निश्चित वाटते.

त्या मोटारींपैकी काहींत चालकाच्या हाताशी एक बटण असते. इंजिनाची बॅटरी बसलीच तर करमणुकीच्या बॅटरीतून तिला बळ देण्यासाठी ते केलेले आहे. ते दाबून धरले तेवढा वेळच दोन्ही साठे जोडलेले राहतात; बोट उचलताच पुन्हा वेगळे होतात.