नव्या वस्तूचा धर्म

नवी वस्तु विकत घेणाऱ्यानें तिच्यापासून किती अपेक्षा करावी, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारांतला वाटतो. पण त्याचें मूळ नीतिशास्त्रांत आहे. अमेरिकेंतील 'पिनबॉल' या करमणुकीच्या यंत्रावरून तो चांगला उलगडतो. उतरत्या फळीवर सुमारें २७ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सोडावयाची आणि ती तळाशीं जाऊं न देतां गुण मिळवावयाचे, असा हा खेळ. शिकागोच्या गॉटलीब यांच्या 'बॅफल बॉल'नें १९३१ सालीं तो लोकप्रिय केला. गोळी परतविणारे 'फ्लिपर' त्यास १९४७ सालच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रानें दिले.

त्या काळीं यंत्र दुकानांत वा उपाहारगृहांत उभें असे. त्याचा मालक जमलेलीं नाणीं मोजी. फळीवरचे खळगे मोजीत नसे. आज नवीं यंत्रें पुष्कळदां रसिकांच्या घरीं जातात. त्यांची किंमत कित्येक हजार डॉलर पडते, आणि ग्राहक दिवा धरून ओरखडे शोधीत बसतो. त्यास आम्ही हंसत नाहीं. दाम वाढला कीं नजर तीक्ष्ण होणारच.

तथापि सर्व दोष एकाच मापानें मोजूं नयेत. सुमारें ८० ग्रॅमची गोळी लाकडी फळीवर आदळली म्हणजे बारीक खळगे पडतात. तो लाकडाचा धर्म आहे. प्रवासांत एखादा स्क्रू ढिला झाला किंवा कळ किंचित् सरकली, तर मालकानें स्वतः पेचकस हातीं घ्यावा. परंतु रोगण पुरतें वाळण्यापूर्वींच त्यावर खांब आवळले, आणि त्यामुळें खालच्या चित्राचे टवके निघूं लागले, तर तो वस्तूचा धर्म नव्हे. ती करणाऱ्याची घाई होय.

अमेरिकेच्या व्यापारी संहितेंत, तशीच आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यांत, माल विकण्यायोग्य असावा ही अट न बोलतां गृहीत धरलेली आहे. पण 'टवका उडाला तरी गोळी धांवते ना?' असा युक्तिवाद करणारा विक्रेता भेटतोच. त्यास आमचें उत्तर असें: जाहिरातींत चित्रांची शोभा दाखवून तुम्ही त्या शोभेचाच दाम घेतलात, तक्रार येतांच ती शोभा गौण कशी ठरते? ज्या गुणासाठीं मोल घेतलें, त्या गुणाचा जाब देणें हें विक्रेत्याचें कर्तव्य होय.

ग्राहकहि अगदीं निर्दोष नसतो. साधें मडकें घेणारी बाई तें वाजवून घेते. येथें मात्र मोजक्याच प्रती निघणार म्हणून न पाहतां आगाऊ पैसे भरले जातात. पुढें दोष दिसला तरी फेरविक्रीची किंमत उतरेल या भयानें कोणी मौन धरतो. हें मौन आम्हांस टवक्याहून वाईट वाटतें.

आमचाहि एक अनुभव आहे. नव्या कपाटाची फुगलेली फळी पाहूनहि आम्ही सुतारास भिडेखातर कांहीं बोललों नाहीं. आमचें कपाट पाहून शेजाऱ्यांनीं त्याच्याकडूनच दुसरें करविलें, आणि त्याचीहि फळी तशीच फुगली. आमच्या सौजन्याचा भुर्दंड त्यांनीं भरला. तेव्हांपासून आम्हांस वाटतें कीं, न्याय्य तक्रार हा केवळ ग्राहकाचा हक्क नव्हे. मागून येणाऱ्या ग्राहकाचें तें ऋण आहे.