न दिसणारं कुलूप

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला आत वळलं की पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर लागतं. घराला दार नाही, कुलूप नाही, राखण शनिदेवाची, ही गावाची रीत. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा काढली, तेव्हा या श्रद्धेचा मान राखायचा म्हणून प्रवेशाला काच बसवली आणि सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकी कुलूप. कुलूप दिसलं नाही म्हणजे रीत पाळली गेली का? त्याआधी ठरवायला हवं की जे दिसत नाही ते ‘आहे’ असं कशाच्या बळावर म्हणायचं. या जातीचं कुलूप साधारणपणे १२ व्होल्टवर सुमारे अर्धा ॲम्पिअर करंट घेतं. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध निघतो, २४ ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती, ६ वॅट. आठवडाभर अखंड चालू राहिलं तर जेमतेम एक युनिट वीज. मीटरचा आकडा दिसतो. रोध मात्र कुणी पाहिलेला नाही, तो अनुमानानं कळतो.

चार्वाक इथंच अडवेल. प्रत्यक्षाखेरीज प्रमाण नाही. रोध हे भागाकाराला दिलेलं नुसतं नाव आहे. आक्षेप हलका नाही, कारण गेऑर्ग ओहमनं १८२७ मध्ये मांडलेला नियम सगळ्याच वस्तू पाळत नाहीत. जुन्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध पेटत्या तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. पण तांब्याची एखादी तार दुप्पट लांब घेतली की रोध दुप्पट होतो, आणि ती ५० अंशांनी तापली की सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. नुसतं नाव लांबीप्रमाणे वाढत नाही. न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी ‘जिथं धूर तिथं अग्नी’ ही व्याप्ती मान्य करताना हीच अट घातली होती: व्यभिचार, म्हणजे धूर आहे पण अग्नी नाही असा अपवाद, कुठं दिसतो का ते शोधा, दिसला तर अनुमान सोडा.

मग भक्त विचारेल, आणि त्याचा तो हक्कच आहे: न दिसणारा रोध मानता, तर न दिसणारी शनीची राखण का नाही? कारण तिथं व्यभिचाराला जागाच ठेवलेली नाही. चोरी झाली नाही तर देवानं राखलं, झाली तर चोराला शिक्षा पुढं होईल. चोऱ्यांच्या बातम्या आल्या, श्रद्धा हलली नाही. पण म्हणून ती खोटी ठरत नाही. ती अनुमान नाहीच, ते व्रत आहे. आपलं घर उघडं टाकणारा माणूस जग कसं चालतं ते सांगत नसतो, शेजाऱ्यावर विश्वास टाकत असतो, नुकसान सोसायची तयारी ठेवून. हे गाव ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथंच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्याच ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात स्वयंप्रकाश आत्म्याला प्रमाणांची गरज नाकारली आहे. श्रद्धेला व्होल्ट-ॲम्पिअरचा दाखला मागणं जितकं चुकीचं, तितकंच कुलपाचं असणं डोळ्यांवर सोपवणं. काचेमागचे २४ ओहम खरे आहेत, म्हणजे कुलूपही खरंच आहे, आणि व्रत तिथं थांबलेलं आहे. बँकेचा दोष त्यात मला दिसत नाही: ठेवी इतरांच्या, आणि दुसऱ्याच्या पैशावर कुणी व्रत घेऊ नये. तिथं कुलूप हवंच. ते दिसेल असं असतं तर गावाच्या व्रताचा मान अधिक राहिला असता.