खरा तराजू

शास्त्रपाठ : निर्गम 30:22–25

अभिषेकाच्या तेलाची कृती सांगताना परमेश्वराने अंदाजावर काहीच सोडिले नाही : गंधरस 500 शेकेल, दालचिनी 250, सुगंधी वेखंड 250, तज 500 आणि जैतुनाचे तेल एक हिन. औषधे कालविणाऱ्याचा तराजूही देवासमोरच असतो.

लहान गावातील औषधविक्रेता निवर्तला, म्हणजे त्याचे स्मरण याच उजेडात करावे. हुपरी हे चांदीच्या कारागिरीचे गाव. तेथे गुंजभर खोटे वजन पैशाची हानी करिते. औषधातील तेवढीच चूक प्राण घेते. 1948 च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदलेल्या औषधविक्रेत्याकडे सोपविले. परंतु मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या निरक्षर मातेस ना चिठ्ठी वाचता येते, ना बाटलीवरील मुदत. ती त्या हातावर विश्वास ठेविते.

घरची लेकरेही बापाचे शब्द तोलून पाहत नाहीत. तो देईल ते घेतात. म्हणून दुकानी खरा आणि घरी खोटा, अशाचा तराजू एका पारड्याचा होय. दोन्हीकडे जो खरा राहिला, त्याच्या कबरेवर स्तुतीचे शब्द थोडे पुरतात.

उपदेशक बंधूंनो, वचन हेही औषधच. त्यात पदरचे काही न मिसळता ते पूर्ण मापाने द्या. प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.