शकुन, अनुमान आणि बाजाराचा कल

शेअर बाजारातील किमतींच्या आलेखावरून पुढचा कल ओळखता येतो, असा तांत्रिक विश्लेषणाचा दावा आहे. या दाव्याची तपासणी अर्थशास्त्रापुरती मर्यादित राहत नाही, कारण दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान कोणत्या अटींवर होते, हा मूळचा दर्शनशास्त्राचा प्रश्न आहे. तांत्रिक विश्लेषण म्हणजे कंपनीचा ताळेबंद बाजूला ठेवून शेअरची किंमत आणि उलाढाल, म्हणजे ठरावीक काळात किती शेअरांचे व्यवहार झाले तो आकडा, यांच्या नोंदींवरून मागणी-पुरवठ्याचा झुकाव ओळखण्याची पद्धत होय. लागोपाठचे उच्चांक आणि नीचांक दोन्ही चढते असतील तर कल तेजीचा, दोन्ही उतरते असतील तर मंदीचा, ही तिची पायाभूत समजूत असून अमेरिकी अर्थपत्रकार चार्ल्स डाऊ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी केलेल्या लेखनातून ती आकाराला आली.

खूण वाचण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग माणसाने अवलंबले आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथे भवानीमातेच्या मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून भाविक त्यावर हात ठेवतो आणि दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, असा कौल मानतो. हा शकुन आहे. दगडाचे वळणे आणि योजलेले कार्य यांत कार्यकारणाचा धागा आहे, असा भाविकाचाही दावा नसतो. तो देवीला विचारतो, मिळालेला कौल तिच्या इच्छेचा म्हणून स्वीकारतो आणि परिणामाचा भारही तिच्यावर सोपवतो. अनुमानात असे शरण जाणे नसते. तिथे खूण आणि वस्तू यांचा न चुकणारा संबंध, ज्याला न्यायदर्शन व्याप्ती म्हणते, आधी सिद्ध करावा लागतो. आलेख वाचणारे पुष्कळ जण बोलतात अनुमानाची भाषा, पण मनोमन शकुन पाहत असतात, आणि या विद्येभोवतीचा बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. शकुनाला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ज्याच्यापुढे शरण जावे असे आलेखामागे कोणी नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान, असे भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट करतो आणि नदीच्या पुराचे उदाहरण देतो. त्याच धाराशिव जिल्ह्यातील तेर गावाजवळून वाहणारी तेरणा नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे म्हणावे, तसे हे अनुमान. त्यावर सूत्रकार स्वतःच एक आक्षेप नोंदवतो, की खाली कोणी पाणी अडवले असेल तरीही नदी फुगते, पाऊस येणार याची खूण मानलेल्या, अंडी घेऊन निघणाऱ्या मुंग्या वारूळ मोडल्यामुळेही बाहेर पडतात आणि मोराचा आवाज माणूसही काढतो. मग अनुमान प्रमाण कसे मानावे? उत्तर असे दिले आहे, की नुसती फुगलेली नदी ही पुरी खूणच नव्हे. पाण्याला वेग असावा, फेस असावा, वाहून आलेली पाने, फळे, लाकडे दिसावीत, तेव्हाच पावसाचे अनुमान निर्दोष ठरते.

कुशल विश्लेषक नेमके हेच करतो. उलाढाल न वाढता किंमत वाढली तर तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही. डाऊच्या विचारातही कारखानदारी कंपन्यांच्या सरासरीने दाखवलेल्या कलाला रेल्वे कंपन्यांच्या सरासरीने दुजोरा दिल्याशिवाय तो पक्का मानला जात नसे. मोजक्या मंडळींनी आपसांत खरेदी-विक्री करून एखाद्या छोट्या शेअरला रोज अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसातील वाढीची कमाल मर्यादा, लावणे हे अडवलेले पाणीच आहे, आणि आपसांतल्या त्याच व्यवहारांनी उलाढालीचा आकडाही फुगवता येतो, ही मोराच्या आवाजाची नक्कल आहे. तेव्हा अपुरी खूण ओळखता येणे, हा या विद्येतील खरा ज्ञानाचा भाग होय.

परंतु हे ज्ञान झालेल्या गोष्टीचे आहे. पूर पाहून पाऊस झाल्याचे कळते, उद्या पडेल की नाही ते कळत नाही. आजवर मागणी जोरात आहे, इथपर्यंत आलेख प्रामाणिकपणे सांगतो; ती टिकेल, हे वाक्य वाचकाने स्वतः जोडलेले असते. शिवाय पाहणाऱ्यांच्या मताने नदी फुगत नाही; बाजारात मात्र आलेख पाहून हजारो लोक खरेदीला धावले की त्या धावण्यानेच कल काही काळ खरा होतो आणि खरेदी करणारे संपले की त्याच वेगाने मोडतो. न्यायशास्त्राचे उदाहरण इथे अपुरे पडते, कारण अनुमान करणाराच अनुमेय वस्तूचा घटक होऊन बसतो.

नेतृत्वाची, म्हणजे बाजारात आघाडीवर कोणता शेअर आहे हे ओळखण्याची, गोष्ट याहून सूक्ष्म आहे. शेअरच्या किमतीला निफ्टीसारख्या निर्देशांकाने भागून जी रेषा मिळते, ती चढती असेल तर तो शेअर आघाडीचा मानतात. निफ्टी दहा टक्के उतरत असताना एखादा शेअर दोनच टक्के उतरला, तर तोटा दिसत असूनही त्याचे सापेक्ष बळ वाढलेले असते, आणि बाजार सावरताच असे शेअर पुढे निघण्याची शक्यता विश्लेषक अधिक मानतात. पडझडीच्या काळात ही परीक्षा घ्यावी, यात मोठा विवेक आहे. तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची कथा वारकरी परंपरेत याच परीक्षेची आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने, म्हणजे ओल्या मडक्याला ठोकून आकार देण्याच्या लाकडी साधनाने, संतांची मस्तके पारखली. बाकीचे स्थिर राहिले, नामदेव दुखावले, आणि ते कच्चे ठरले. तो निवाडा त्या घडीपुरता अचूक होता. त्यानंतर नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि पुढे त्यांनी भक्तीचा विचार पंजाबपर्यंत नेला. आघात कोण सोसतो हे ठोकून कळते. कोण पुढे काय होईल, हे गोरोबांनी सांगितले नाही आणि त्यांना कोणी विचारलेही नाही.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव अमुक पातळीखाली गेला तर शेअर विकायचा असा आधीच ठरवलेला नियम, म्हणूनच या पद्धतीतील सर्वांत सत्यनिष्ठ अंग म्हटले पाहिजे, कारण त्यात आपले अनुमान कोणत्या पुराव्याने बाधित होईल हे साधक व्यवहारापूर्वीच लिहून ठेवतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी सुमारे 93 टक्क्यांना तोटा झाला. ते सगळे आलेखच वाचत होते असे म्हणता येणार नाही. पण जे वाचत होते, त्यांच्यापैकी किती जणांनी बाधक पुराव्याची ती पातळी आधी लिहिली होती आणि भाव तिथे पोहोचल्यावर ती खाली सरकवली नाही, हे विचारल्याशिवाय तोट्याचा दोष विद्येला द्यावा की वाचणाऱ्याला, हे ठरवता येणार नाही.