सहा महिने टिकणारी पुडी

कंपन्यांनी पर्यावरणाची जबाबदारी घ्यायला हवी, असं मी बोलतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर खामगावचा साबणाचा कारखाना येतो, मुंबईतली मोठी कार्यालयं येतात. पातुरातलं माझं मसाल्याचं युनिट येत नाही. का येत नाही? तिथेही माल तयार होतो, पाकिटावर नाव छापलं जातं, पोरगा पुड्यांच्या लड्या घेऊन दुकानोदुकानी फिरतो. धंदा लहान म्हणून जबाबदारीही लहान, हे मी कधी ठरवलं? बहुधा ठरवलं नाहीच. सोयीचं होतं म्हणून मानत आलो.

पुडीसाठी फिल्मचा रोल घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी भाव विचारला, छपाई किती रंगांत होईल ते विचारलं, मसाला किती दिवस टिकेल ते विचारलं. रिकामी झालेली पुडी कुठे जाते, हा प्रश्न सुचलाच नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. सुचला होता. उत्तर मिळालं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून विचारला नाही. उलट डिझाइन करणाऱ्या मुलाने कोपऱ्यात हिरवं पान टाकू का म्हणून विचारलं आणि मी हो म्हणालो. त्या पानाला कसलाही आधार नव्हता. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून ते तिथे आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटावं म्हणून.

ही फिल्म म्हणजे एकमेकांना चिकटवलेले थर. बाहेर छपाईचं पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, आत सील होणारं पॉलिथिन. त्यामुळे पावसाळ्यातली ओल आत शिरत नाही आणि मसाल्याचा वास उडत नाही. पण हेच थर पुन्हा सहजासहजी सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. कचरा वेचणाऱ्या बाया पाण्याची बाटली उचलतात, दुधाची पिशवी उचलतात, चकचकीत पुडी तिथेच सोडतात. त्यांचं काय चुकलं? दिवसभर उन्हात वाकून वेचायचं आणि संध्याकाळी काट्यावर शून्य, हे त्यांनी का करावं?

नवरात्रात पातूरच्या रेणुकामातेच्या टेकडीवर गर्दी उसळते. नंतर पायऱ्यांच्या कडेला चिप्सची, सुपारीची, शाम्पूची पाकिटं उरतात. एका वर्षी तिथल्या सफाईला आम्ही पैसे दिले, बॅनर लावला, फोटो काढले. मनात तो खर्च मी पुण्याच्या खात्यावर टाकला होता. वहीत मात्र जाहिरात म्हणून लिहिला. वही जास्त प्रामाणिक निघाली. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते चांगलंच आहे. पण आधी नफा कमवायचा आणि मग त्यातून झाडलोट करायची, या क्रमाने मूळ धंद्याला धक्का लागतो का? माझ्या तरी लागला नाही. बॅनर उतरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच फिल्मच्या त्याच पुड्या भरायला घेतल्या.

कायद्यानेही मला फारसं अडवलं नाही. २३ जून २०१८पासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. बंदीतली पिशवी सापडली तर पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड. बाजारातली भाजीवाली धास्तावली. कारखान्यात भरलेल्या मालाच्या वेष्टनाला सवलत होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मग १६ फेब्रुवारी २०२२ला केंद्राचे नवे नियम आले. जेवढं प्लास्टिकचं वेष्टन बाजारात आणाल, त्याच्या प्रमाणात ते गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची जबाबदारी कंपन्यांवर आली. ब्रँडवाल्यांपैकी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यातून वगळलं होतं. ते वाचून मी सुटकेचा श्वास सोडला. पण सुटलं कोण? माझी पुडी तर नाल्यात तशीच पडून होती.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. खामगावचा कारखाना ज्या समूहाचा, त्या युनिलिव्हरने २०१९मध्ये जाहीर केलं होतं की २०२५पर्यंत नव्या प्लास्टिकचा वापर निम्म्यावर आणू. २०२४मध्ये ते उद्दिष्ट २०२६पर्यंत ३० टक्के कपातीवर आलं. पुन्हा वापरता किंवा वितळवता येईल, नाहीतर खत होईल, असंच वेष्टन वापरायचं, या वचनाची मुदतही वाढली. पुड्या आणि पाउच ज्यात येतात त्या लवचीक वेष्टनासाठी ती २०३५वर गेली. बातमी वाचून मला आधी काय वाटलं असेल? आनंद झाला. त्यांना जमत नाही तर मला कोण विचारणार? दुसऱ्याच्या माघारीत स्वतःची सोय पाहणारा माणूस जबाबदारीवर बोलायला लायक आहे का, हा प्रश्न मी अजून बाजूला ठेवू शकलेलो नाही.

पुडीची बाजूही मांडायला हवी. १९८३मध्ये चिक शाम्पू छोट्या पाउचमध्ये आला, तेव्हा बाटली न परवडणाऱ्या घरांत शाम्पू पोचला. माझी पाच रुपयांची पुडी निंदणीची मजुरी घेऊन परतणारी बाई नेते. तिला पावशेर मसाला घ्या म्हणणं सोपं आहे; तेवढे पैसे त्या दिवशी तिच्या हातात नसतात. मग पर्यावरणाचा भार तिच्यावर टाकायचा? नाही. पण तिचं नाव पुढे करून मी माझा नफा झाकतो का? बऱ्याचदा हो. तिला पाच रुपयांचा मसाला हवा असतो. ॲल्युमिनियमचा थर तिने कधी मागितला नाही. तिची पुडी आठवडाभरात संपते.

मग तो थर कोणासाठी आहे?

या प्रश्नाशी मी बराच अडखळलो. थंड पेयांच्या काचेच्या बाटल्या आठवल्या. रिकामी बाटली दुकानात परत द्यायची, नाहीतर अनामत गेली. कंपनीची गाडी भरलेले क्रेट उतरवायची आणि रिकामे घेऊन जायची. त्यात कोणी निसर्गप्रेमाची भाषा बोलत नव्हतं. बाटली कंपनीच्या मालकीची होती आणि महाग होती, म्हणून ती परत येत होती. पण जड काच फार लांबून परत आणणं परवडत नाही. ती व्यवस्था चालली कारण भरणारा आणि पिणारा यांच्यातलं अंतर बेताचं होतं.

माझ्या थराचंही उत्तर अंतरातच आहे. पातूर, बाळापूर, बार्शीटाकळी एवढ्यातच माल विकायचा असेल तर दर महिन्याला ताजं दळता येतं आणि एकाच जातीच्या पॉलिथिनची जाड पिशवी पुरते. ती पिशवी भंगारवाला घेतो. अकोला–वाशीम रस्त्यावरचे ढाबे किलोने मसाला घेतात; त्यांना डब्यात देऊन रिकामा डबा परत आणता येतो, गाडी तिकडे जातेच. सहा महिन्यांची हमी लागते ती गोदामासाठी, एजन्सीसाठी, लांबच्या शहरांसाठी. म्हणजे तो थर माझ्या मोठं होण्याच्या इच्छेसाठी आहे. मोठ्या कंपन्यांचं गणित याहून गुंतागुंतीचं असेल, पण तिथेही पहिला प्रश्न हाच असावा असं मला वाटू लागलंय: माल किती लांब आणि किती काळ टिकायला हवा, आणि तो कोणाच्या गरजेपोटी?

ढाब्यांचे डबे मी सुरू केलेत. हिरवं पान पुढच्या छपाईतून काढायला सांगितलंय. या दोन्ही गोष्टींत माझं फारसं काही जात नाही, हेही मला दिसतंय. जे जाणार आहे ते वेगळंच आहे. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला माल हवाय, आणि त्याची अट सहा महिन्यांची आहे. बायको म्हणते, लेकीची फी याच वर्षी भरायची आहे. तिचं म्हणणं खोटं नाही. मी त्याला अजून नाही म्हटलेलं नाही.