खुबा मोडायच्या आधी

निमगाव केतकीच्या पानमळ्यांत सकाळी पानं खुडणाऱ्या बायकांत साठी ओलांडलेल्या काही जणी असतातच. अंगठ्याला नखी, नजर वेलावर, हात झरझर चाललेले. त्यांतल्या एखादीचं लुगडं हल्ली जमिनीवर लोळू लागतं. घरचे म्हणतात, वय झालं, नीट नेसणं होत नाही. खरं तर पाठीचे मणके आतल्या आत दबलेले असतात आणि उंची दोन बोटं उतरलेली असते. न पडता मोडलेलं हे हाड कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे कधीतरी मोरीत पाय घसरतो, खुबा मोडतो आणि सगळा दोष ओल्या फरशीवर जातो.

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. पोखरणाऱ्या पेशी तयार व्हायला ‘रँक-लिगँड’ नावाच्या प्रथिनाचा निरोप लागतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, हा निरोप वाढतो आणि भरण मागे पडतं. पानाला चुना जास्त लावून हा निरोप थांबत नाही. अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळालेलं डेनोसुमॅब हे औषध मात्र त्या प्रथिनालाच पकडून ठेवतं.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं, की इंटरल्युकिन-३ हे प्रथिन हाड पोखरू पाहणाऱ्या पेशींना त्या वाटेवरून वळवून निराळ्याच पेशी बनायला लावतं. त्याचं औषध अजून झालेलं नाही, पण हा शोध आपल्या जिल्ह्यात लागला याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत स्क्लेरोस्टिन हे प्रथिन जन्मतःच तयार होत नाही आणि त्यांची हाडं विलक्षण दाट असतात. हाडाच्या बांधणीला लगाम घालणारं प्रथिन ते हेच. त्या धाग्यावरून रोमोसोझुमॅब हे औषध आलं, २०१९ साली.

एवढं सगळं हाताशी असताना आपण हरतो ते पहिल्या फ्रॅक्चरपाशी. आजीचं मनगट मोडतं, प्लास्टर निघतं, विषय संपतो. खरं तर तेव्हाच डॉक्टरांना विचारायला हवं, की हाडांची घनता मोजायची का, औषध सुरू करायचं का. वर्षातून एकदा सलाईनमधून देता येणारं झोलेड्रोनिक ॲसिडही आहे.

डेनोसुमॅब सुरू केलं तर दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचा नेम चुकवू नये. ते मध्येच सोडलं तर पोखरण पूर्वीपेक्षा जोरात उसळते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर दुसरं औषध जोडून देतात. आजीचं एक इंजेक्शन संक्रांतीच्या सुमाराला झालं असेल, तर पुढचं तुकोबांची पालखी गावात येते त्या दिवसांत येईल. त्या गडबडीत ते राहून जाऊ नये, म्हणून तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.